मानेची तपासणी घाईने नको

महोदय,

देवगड तालुक्यातल्या आमच्या गावात मी २२ वर्षे पोलीस पाटील होतो. गळफास म्हटले की पंचनाम्यापासूनच सगळ्यांना घाई होते. पाऊस, खाडीपलीकडचा रस्ता, घरच्यांचा आक्रोश. आमच्या वाडीतल्या एका सुनेच्या वेळी मान आतून न पाहताच शवविच्छेदनाचा अहवाल तयार झाला. तिची आई पुढे कितीदा माझ्या पडवीत येऊन एकच विचारी, "पाटलांनू, मान नीट बघल्यांनी मां?" मला उत्तर देता आले नाही.

नंतर एका अनुभवी डॉक्टरांनी मला समजावले. आधी डोके आणि छाती उघडून रक्त निचरू द्यायचे आणि मान शेवटी, एकेक थर सोडवत पाहायची. नाहीतर कापताना पसरलेले रक्त मारासारखे दिसू शकते. फासाचा वळ बहुधा तिरका, वर चढणारा असतो, दुसऱ्याने दोरीने गळा आवळल्याचा बहुधा आडवा. पण अपवाद असतात, नुसत्या वळावर विसंबता येत नाही. कंठास्थी, म्हणजे गळ्यातले छोटे हाड, शाबूत आहे म्हणून गळा दाबलाच नाही, असेही म्हणता येत नाही. तरुण वयात ते हाड लवचिक असते. ती सून २४ वर्षांची होती.

लग्नाला सात वर्षे न झालेल्या स्त्रीच्या अशा मृत्यूची भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १९४ खास दखल घेते. अशा प्रत्येक प्रकरणात मानेच्या थराथराचे फोटो अहवालाला जोडणे सक्तीचे करावे, ही शासनाला कळकळीची विनंती.

— एक निवृत्त पोलीस पाटील, ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग