काकू, सिनेमा मध्येच थांबवल्याबद्दल

आदरणीय काकू,

सादर नमस्कार.

पत्रास कारण की, ठाण्याच्या पाचपाखाडीतील आपली इमारत पुनर्विकासासाठी पुढच्या महिन्यात रिकामी करावयाची आहे, तुम्ही मुलाकडे पुण्याला जाणार आहात आणि आम्ही दोघी बहिणी कोलशेतला भाड्याच्या घरात राहायला जात आहोत. ज्या दिवाणखान्यात तुम्ही आम्हांला "इन हर शूज" हा इंग्रजी सिनेमा दाखवलात त्याची भिंतही आता उरणार नाही, तेव्हा त्या संध्याकाळचे आभार आत्ता मानले नाहीत तर ते राहूनच जातील. समक्ष मानायला यावे, तर तुम्ही चहाचे आधण ठेवायला उठता आणि स्वयंपाकघरातून विचारता, "साखर किती?" हे आजवर तीनदा झाले आहे. म्हणून लिहून मानते, आणि चारचौघांना वाचता येईल असे लिहिते, म्हणजे तुम्हांला मध्येच उठता येणार नाही.

तुम्हांला सगळे ठाऊक आहे; इतरांसाठी थोडक्यात सांगते. आम्ही दोघी एकाच आईच्या मुली आहोत यावर अनोळखी माणसाचा विश्वास बसत नाही. मी बँकेत नोकरी करते आणि विजेची बारा वर्षांची बिले वर्षवार लावून ठेवते. धाकटी मेंदी काढते. लग्नसराईत रात्री दोन वाजता घरी येते आणि किल्ली कुठे ठेवली ते सकाळी शोधते. २०१८ च्या पावसाळ्यात बाबांच्या गावच्या घराच्या वारसनोंदीसंबंधी एका कार्यालयाची नोटीस रजिस्टर पोस्टाने आली. मी कामावर होते. धाकटीने पोस्टमनच्या कागदावर सही केली, पाकीट फोडले आणि मेंदीचे कोन ठेवायच्या खणात ते तळाशी सारून दिले. ते माझ्या हाती लागले तेव्हा सुनावणीची तारीख उलटून तीन आठवडे झाले होते. पुढे चार खेपा घालाव्या लागल्या, पण त्या खेपांचे आता काही वाटत नाही. वाटते ते पाकीट नाचवत मी तिला जे विचारले त्याचे. मी विचारले, "तुला साधं वाचता येत नाही का?"

ती काही बोलली नाही. दोन पिशव्या भरल्या आणि दोन मजले उतरून तुमच्या दारात उभी राहिली. त्या प्रश्नाचे खरे उत्तर "नाही, सहज येत नाही" असे होते, आणि एकतीस वर्षे एका घरात वाढूनही ते मला माहीत नव्हते.

तुम्ही तिला मागची खोली दिलीत आणि कारण विचारले नाहीत. भाडे घेणार नाही म्हणालात. त्याऐवजी मराठी ग्रंथसंग्रहालयातून तुमची पुस्तके बदलून आणायचे काम तिच्याकडे दिलेत. १८९३ साली स्थापन झालेल्या त्या ग्रंथालयाचा आम्हां ठाणेकरांना केवढा अभिमान, आणि धाकटी आयुष्यात एकदाही त्याची पायरी चढली नव्हती. तिने ते काम कसे निभावले हे तिने मला पुढे सांगितले. तुम्ही चिठ्ठीवर पुस्तकाचे नाव लिहून देत होता आणि ती चिठ्ठी पुस्तकांच्या कण्यांशी धरून, नक्षी जुळवावी तशी अक्षरे जुळवत होती. मेंदीत नवऱ्या मुलाचे नाव लपवायचे असले तरी ती हेच करते. नाव गिऱ्हाइकाकडून कागदावर लिहून घेते आणि ते अक्षर म्हणून न वाचता चित्र म्हणून हातावर उतरवते. "घ" आणि "ध", "भ" आणि "म" यांतला फरक तिला सुट्या अक्षरांत दिसतो. ओळीत आले की ती अक्षरे जागा बदलतात, असे ती म्हणते. चाळीस वर्षे इंग्रजी शिकवलेल्या बाईच्या नजरेतून हे सुटले नसणारच. पण तुम्ही तिला एकदाही काही वाचून दाखवायला सांगितले नाहीत.

चार महिने आमचा अबोला होता. लिफ्टमध्ये गाठ पडली तर आम्ही दोघी मजल्यांच्या आकड्यांकडे बघत होतो. दिवाळी सरल्यावर एका शनिवारी तुम्ही मला "उरलेला फराळ संपवायला ये" म्हणून बोलावलेत. मी आले तर धाकटी आधीच सोफ्याच्या एका टोकाला बसलेली होती, टीव्हीवर एका इंग्रजी सिनेमाचे चित्र थांबवून ठेवलेले होते, आणि तुम्ही आमच्या दोघींच्या मधोमध चकल्यांचा डबा घेऊन बसलात. कावा माझ्या लक्षात आला होता. उठून गेले नाही, कारण तुमच्यासमोरून तसे उठून जाण्याचे धाडस मला झाले नाही.

सिनेमाचे नाव "इन हर शूज". २००५ सालचा, कर्टिस हॅन्सन यांनी दिग्दर्शित केलेला आणि जेनिफर वायनर यांच्या कादंबरीवर आधारलेला. नावावर तुम्ही पाच मिनिटे घालवलीत. इंग्रजीत दुसऱ्याच्या बुटांत उभे राहणे म्हणजे त्याच्या जागी जाऊन पाहणे. आपल्याकडे मात्र पायताण दाराबाहेर काढायचे असते, आणि "पायीची वहाण पायीच बरी" म्हणताना आपण तिला तिची पायरीच दाखवत असतो. "जावे त्याच्या वंशा, तेव्हा कळे" हे जवळचे, असे मी सुचवले. तुम्ही ते खोडून काढलेत. त्यासाठी त्या वंशात जन्म घ्यावा लागतो, म्हणालात. इथे नुसते थोडा वेळ पाय घालून बघायचे आहे. सिनेमा संपल्यावर धाकटीने नाव सुचवले, "एका मापाच्या". त्या दोन बहिणींचे बाकी काही जुळत नाही, पायाचे माप तेवढे जुळते, म्हणून. त्याहून चांगले नाव मला अजून सुचलेले नाही. (आमचे तेही जुळत नाही. मला पाच नंबर लागतो, तिला सात.)

इंग्रजी संवाद धाकटीला पुरते कळत नाहीत आणि खालच्या ओळी वाचून होण्याआधी निघून जातात, म्हणून तुम्ही दर दोन-चार मिनिटांनी सिनेमा थांबवून त्या प्रसंगात काय झाले ते मराठीत सांगत होता. सव्वादोन तासांहून कमी लांबीचा तो सिनेमा आपण चार तास पाहिला. मला आधी त्याचा जाच वाटला. मला तर सगळे कळत होते. टोनी कोलेट यांनी साकारलेली थोरली रोझ फिलाडेल्फियात वकील आहे, कामात बुडालेली, स्वतःच्या अंगावर नाराज, न वापरलेल्या बुटांनी कपाट भरून ठेवणारी. कॅमेरॉन डियाझ यांची मॅगी दिसायला देखणी, एका जागी न टिकणारी, बहिणीचेच बूट घालून मिरवणारी. रोझच्या बाजूने तुम्ही जे जे सांगत होता त्याला मी मनात मान डोलावत होते.

मग मॅगी संगीतवाहिनीवर निवेदिकेच्या निवडीसाठी जाते. दिसण्यात ती सगळ्यांत उजवी असते. पण पडद्यावर सरकणाऱ्या ओळी वाचून दाखवायची वेळ येते, आणि ती अडखळते, हसून वेळ मारून नेते, पुन्हा अडखळते. तुम्ही सिनेमा थांबवलात आणि सांगण्यासाठी तोंड उघडलेत, तेवढ्यात धाकटी म्हणाली, "काकू, हे नका सांगू. हे मला कळलं."

त्यानंतर तुम्ही काय केलेत ते मी विसरणार नाही. तुम्ही काहीच केले नाहीत. रिमोट मांडीवर ठेवलात, चकलीचा तुकडा मोडलात आणि पडद्यावरचे ते थांबलेले तोंड तसेच राहू दिलेत. पंखा फिरत होता. धाकटीने पडद्याकडे बघतच सांगायला सुरुवात केली: चौथीत बाईंनी फळ्यापाशी उभे करून धडा वाचायला लावला तो दिवस, धडे पाठ करून पुस्तक नुसते समोर धरण्याची युक्ती, दहावीला मराठीत मिळालेले पस्तीस गुण. नोटीस तिने उघडली होती, दोन ओळींपर्यंत गेली होती, शिक्का बघून घाबरली होती, आणि मला विचारावे तर मी काय म्हणेन हे तिला आधीच ठाऊक होते. मी नेमके तेच म्हणाले होते. आमच्या शाळेच्या वयात घरात कोणाला डिस्लेक्सिया हा शब्द माहीत नव्हता; "ढ" हा माहीत होता, आणि तो मीही वापरलेला आहे. आज २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अक्षमतेची गणना केली आहे. नियम आणि परिपत्रके वाचून पोट भरणारी मी, आणि हे मला माझ्याच बहिणीसाठी शोधावेसे कधी वाटले नव्हते.

पुढचा सिनेमा आपण वेगळ्याच तऱ्हेने पाहिला. मॅगी रोझच्या मित्राशीच नको ते करून बसते आणि रोझ तिला घराबाहेर काढते, तेव्हा धाकटी म्हणाली, "बरोबर केलं तिनं." मी मात्र गप्प होते. वडिलांच्या खणात मॅगीला आजीची लपवून ठेवलेली पत्रे सापडतात, तेव्हा खण आणि पत्रे या शब्दांवर आम्ही तिघीही एकदम हसलो. चार महिन्यांतले ते पहिले हसणे. फ्लॉरिडातली निवृत्तांची वसाहत तुम्ही अशी समजावलीत, की तलावपाळीवरच्या ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्याला घरे, पोहण्याचा तलाव आणि दवाखाना जोडला की झाले. आजी झालेल्या शर्ली मॅक्लेन फार कमी बोलतात, तेही तुम्हीच दाखवून दिलेत. नातीकडून कामाच्या मोबदल्यात शिस्त वसूल करणारी ती आजी बघताना मला तुमची ग्रंथालयाची चिठ्ठी आठवत होती, पण ते बोलून दाखवण्याची वेळ नव्हती.

तिथे दृष्टी गेलेले एक म्हातारे प्राध्यापक असतात. ती भूमिका केलेले नॉर्मन लॉइड तेव्हा नव्वदीला आलेले होते. ते मॅगीकडून एलिझाबेथ बिशप यांची हरवण्याविषयीची कविता वाचून घेतात, एकेका शब्दाला ठेचाळत. या जागी तुम्ही सिनेमा थांबवला नाहीत, ती वाचत असताना मध्ये एक अक्षर बोलला नाहीत. संपल्यावर सांगितलेत: आधी किल्ल्या हरवतात, मग तासभर वेळ, मग आईचे घड्याळ, मग घरे आणि शहरे, आणि शेवटी माणूस, आणि काही बिघडत नाही, असे ती कवयित्री पालुपदासारखे घोळवत राहते, अधिकाधिक खोटे वाटेपर्यंत. किल्ल्यांच्या उल्लेखाला धाकटीने माझ्याकडे पाहिले. मी पाकिटाचा विचार करत होते.

हा सिनेमा प्रेमाची हलकीफुलकी गोष्ट म्हणून ओळखला जातो, आणि तसा तो आहेही, पण त्यातल्या सायमनवर, म्हणजे रोझच्या होणाऱ्या नवऱ्यावर, तुमचे आणि माझे एकमत झाले नाही. मला तो जरा अतिच गुणी वाटला, आणि सावत्र आई तर नुसती टिंगलीसाठी ठेवलेली. तुम्ही म्हणालात, सायमन चांगला आहे म्हणूनच अडचण उघडी पडते. त्याच्याशी रोझचे फिसकटते ते ती बहिणीविषयी अवाक्षर काढत नाही म्हणून. घरातली एक खोली कुलूपबंद ठेवली की पाहुण्याला ती लगेच जाणवते. त्या वेळी मी वाद घातला होता. आता घालत नाही.

शेवटी रोझच्या लग्नात मॅगी अमेरिकन कवी ई. ई. कमिंग्ज यांची कविता म्हणते, तिथे मात्र तुमची पंचाईत झाली. "हार्ट" या शब्दाला हृदय म्हटले तर दवाखाना आठवतो, मन म्हटले तर हलके पडते. काळीज बरे, पण ते बहिणीला कोण म्हणते, असे तुम्ही स्वतःशीच पुटपुटत होता. धाकटी म्हणाली, "राहू द्या, नुसतं ऐकू." मग आपण ते कडवे दोनदा लावून ऐकले.

त्या रात्री धाकटी माझ्याबरोबर वर आली नाही, हेही इथे नोंदवले पाहिजे, कारण एका सिनेमाने दोन बहिणी एक झाल्या असे कोणी समजू नये. ती आणखी दोन महिने तुमच्याकडेच राहिली. फरक एवढाच पडला, की दर रविवारी मी खाली येऊ लागले, आणि आठवड्याची टपाल मी मोठ्याने वाचायची व तिने ऐकायची असा परिपाठ पडला. नंतर नंतर एखादे पाकीट ती वाचू लागली आणि मी ऐकू लागले. तिला वेळ लागतो. मध्ये शब्द सांगण्याची घाई मी अजूनही अधूनमधून करते, आणि मग ती तुमचा आवाज काढून म्हणते, "थांब, चित्र थांबवलंय."

पुनर्विकासाचा चौसष्ट पानी करारनामा आम्ही अकरा रविवारी वाचला. पर्यायी जागेच्या भाड्यातली एक त्रुटी तिच्या लक्षात आली, माझ्या नाही; मी सवयीने ओळी गाळत जात होते, तिला गाळता येत नाहीत. सोसायटीच्या सभेत तुम्ही तिचे अभिनंदन केलेत, पण ती कशी वाचते हे कोणाला सांगितले नाहीत. आज मी लिहिते आहे ते तिची परवानगी घेऊन.

तुमची डीव्हीडी आमच्याकडे राहिली आहे. सामान बांधताना ती "काचसामान" लिहिलेल्या खोक्यात गेली. "काच" वरचा काना धाकटीने नंतर भरला आहे, तो वेगळ्या शाईत दिसेल. खोके रविवारी खाली आणतो. चहा आम्ही करून आणू, साखर तुमच्या अंदाजाने.

तुमची नम्र,
तिसऱ्या मजल्यावरची थोरली