आप्पा, विळीला धार लावायची आहे

पुणे, श्रावणाचा पहिला आठवडा

ती. आप्पा आणि ती. सौ. आई यांना साष्टांग नमस्कार.

रविवारी फोन ठेवल्यावर मी बराच वेळ गॅलरीत उभी होते. आप्पा, "सगळं बरं आहे की" म्हणालात आणि लगेच आईच्या हातात फोन दिलात. तो आवाज मला ओळखीचा आहे. गेल्या दिवाळीनंतर अडीच-तीन महिने मी तुमच्याशी त्याच आवाजात बोलत होते. हे फोनवर सांगायला गेले तर मला रडू येईल, म्हणून पत्र लिहितेय.

तेव्हा माझी नोकरी गेली होती. फेब्रुवारीत तुम्हाला "बदलली" म्हणून सांगितलं, ते खोटं होतं. माफ करा. मधले दिवस मी खोलीत नुसती पडून होते. केस विंचरायचंही जिवावर यायचं. दुपारी उठायचं, चहात बिस्किटं बुडवून खायची, परत आडवं व्हायचं. जरा बरं वाटलं की उठू, असं रोज ठरवायची. बरं काही वाटत नव्हतं.

एक दिवस बिस्किटं संपली. फळीवर आईने बांधून दिलेली आपल्या शेतातल्या बासमतीची पिशवी होती. गाठ सोडली आणि घरचा वास आला. गॅलरीत फरशीवर ताटाएवढं ऊन पडलं होतं, तिथंच बसले आणि तांदूळ निवडायला घेतला. आई धरते तसं ताट जरा तिरकं धरून, बोटांनी थोडे थोडे दाणे पुढं सारत. सहा खडे निघाले आणि चार-दोन साळी. अर्धा तास गेला असेल. तेवढ्या वेळात नोकरीचं एकदाही मनात आलं नव्हतं, हे नंतर लक्षात आलं. मग भात टाकला, तूप-मीठ घालून गरम गरम खाल्ला. त्या दुपारी झोपले नाही.

पुढच्याच आठवड्यात मनाच्या डॉक्टरांकडे गेले. आई, घाबरू नको, तिथं खूप साधी माणसं बसलेली असतात. बाईंनी मला समजावलं की उदास माणूस उत्साह येण्याची वाट बघत बसतो आणि तो येत नाही. आधी हातपाय हलवायचे, मग मन हळूहळू मागून येतं. रोज एक काम हाताचं आणि एक फेरी बाहेरची, एवढंच लिहून दिलं. रक्तही तपासलं, तर बी-१२ फार कमी निघालं. ते कमी झालं किंवा थायरॉईड बिघडलं तरी माणूस असा मरगळतो. आप्पा, तुमचंही एकदा तपासून घ्या. वय झालं म्हणून होतंय, असं गृहीत धरू नका.

उद्यमबागेत चौतीस वर्षं लेथवर उभे राहिलात तुम्ही. त्या हातांना आता दिवसभर फक्त रिमोट असतो. त्यात चैत्रात काका गेले. त्यानंतर तुम्ही देवळाच्या कट्ट्यावर एकदाही गेला नाहीत, हे आईने मला सांगितलं. तिच्यावर रागवू नका. चाळीस वर्षांचा दोस्त गेल्यावर मन उठत नाही, हे मला कळतं.

आणि आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहेच. जूनपासून राजहंसगड ढगातच, घरात दिवसासुद्धा लाईट लावायची. सकाळचा उजेड डोळ्यांना मिळाला नाही की झोपेचं घड्याळ बिघडतं, मग रात्री डोळा लागत नाही आणि दिवसभर अंग जड. उघडीप मिळाली की चहा पिऊन तडक बाहेर पडा. नुसतं ढगाळ असलं तरी बाहेरचा उजेड घरातल्या ट्यूबलाईटीपेक्षा कितीतरी जास्त असतो. डॉक्टर आठवड्याला १५० मिनिटं चाला म्हणतात, पण तुमचा गुडघा बघून तेवढं नको. गडाच्या रस्त्याला पहिल्या वळणापर्यंत जा आणि परत या. भांगलणीला बायका आल्या असतील, दोन शब्द होतील.

विळीचं मात्र माझ्यासाठी कराच. मी लहान असताना रविवारी अख्ख्या गल्लीच्या विळ्या आपल्या पडवीत यायच्या. दगडावर तेलाचे दोन थेंब, मग एकाच लयीत घासणं, आणि शेवटी पातं नखावर टेकवून बघणं. ते बघताना तुम्ही ओठ मिटून श्वास धरायचात. धार मनासारखी लागली की "हं, ने आता" म्हणायचात, आणि त्या "ने आता"त किती समाधान असायचं! शेजारच्या काकूंना मी फोनवर सांगून ठेवलंय, शनिवारी त्या दोन विळ्या घेऊन येतील. नको म्हणू नका.

एकादशीच्या भजनालाही जा. गळा साथ देत नसेल तर नुसते टाळ धरा. लांब सूर लावला की श्वास आपोआप सावकाश सुटतो, आणि श्वास सावकाश सुटला की छातीतली धडधड उतरते. जागरणाला थांबू नका, दहाला घरी या.

आई, तुलाही सांगायचंय. आप्पांना "कशाला एवढं मनाला लावून घेता" म्हणू नको. तसं म्हटलं की माणूस बोलायचाच बंद होतो. नुसती जवळ बस, शेंगा फोडायला त्यांच्यासमोर ताट ठेव. आणि तू खानापूरला मावशीकडे दोन दिवस जाऊन ये. आप्पांना भात लावता येतो. तुझं मन कुणी बघायचं?

पाऊस ओसरला की दोघं मिळून बेळगावला सार्वजनिक वाचनालयात जा. १८४८ पासूनचं आहे ते, असं आप्पाच मला सांगायचे आणि शनिवारी सायकलवर पुढं बसवून न्यायचे. येताना पाव किलो कुंदा आणा, आप्पांना एकच चमचा.

एवढं करूनही दोन आठवड्यांत फरक पडला नाही, जेवण तुटलं, किंवा आता जगून काय करायचं असं मनात आलं, तर आप्पा, माझ्यापासून लपवू नका. मी मिळेल ती गाडी धरून येईन. मी पोचेपर्यंत १४४१६ वर फोन करा. सरकारचा आहे, पैसे लागत नाहीत, रात्रीसुद्धा उचलतात आणि मराठीतही बोलता येतं. नंबर कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहून ठेव, आई.

गणपतीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पोचते. माझी इथली विळी अगदी बोथट झालीय, टोमॅटोसुद्धा चेंगरतो. पिशवीत गुंडाळून घेऊन येते.

तुमची पोर