मिशेरीची डबी ठेवून घेणाऱ्या ताईंना

ताई, स. न. वि. वि.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. "माझं कशाला नाव, मी लॅबमधली," असं तुम्हीच म्हणाला होतात. पण मिरजेच्या त्या दवाखान्यात खिडकीशेजारच्या टेबलावर रक्त घेणाऱ्या ताई कोण, हे वाचल्यावर तुमचं तुम्हाला कळेल. मी तासगाव तालुक्यातली, द्राक्षबागवाली, डाव्या गालाला खड्डा असलेली. म्हणजे तेव्हा असलेली.

खड्ड्याची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे, वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. सहा वर्षांपूर्वी उसाच्या हंगामात रात्री आमची मोटरसायकल रस्त्याकडेला उभ्या असलेल्या ट्रॉलीवर गेली. ट्रॉलीला मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. ह्यांचा हात मोडला, माझा गाल फाटला. टाके घातले, जखम चिघळली, आतलं झडून गेलं. वरची कातडी भरून आली, पण खाली आवळा बसेल एवढी पोकळी राहिली. पदर डाव्या अंगानं ओढून घ्यायची सवय लागली. फोटो काढायचा म्हटलं की मान आपोआप वळायची.

पोटाची चरबी काढून गालात भरतात, हे मुलीनं शोधून काढलं. आधी आम्ही एका मोठ्या शहरातल्या क्लिनिकमध्ये गेलो. तिथं गुळगुळीत कागदावर पॅकेज छापलेलं. नुसती चरबी भरली तर विरघळून जाते, पण सोबत तुमच्याच रक्तातलं पीआरपी (म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी, प्लेटलेट, दाटवलेला पिवळा द्रव) टाकलं की ९० टक्के टिकते, असं तिथला माणूस सांगत होता. आमच्या ह्यांनी बागेसाठी टॉनिकच्या बाटल्या विकणारे पुष्कळ पाहिलेत. "दादा, हे ९० टक्के तेवढं बिलावर लिहून द्या," म्हणाले. त्या माणसाला एकदम दुसरा फोन आला.

मग मिरज. आम्हा तासगावकरांना दुखणं म्हणजे मिरज. मिशनरी डॉक्टर वॉनलेस साहेबांनी १८९४ साली तिथं दवाखाना उघडला, तेव्हापासून आमच्याकडचे पेशंट तीच वाट धरत आले असतील. डॉक्टरांनी गाल दाबून पाहिला. एका वेळेत भागेल असं नाही, भरलेल्यातलं किती राहील हे माणसागणिक वेगळं, पीआरपी घालू पण त्याची हमी देणार नाही, असं स्वच्छ सांगितलं. तारीख दिली आणि रक्त द्यायला तुमच्याकडे पाठवलं.

त्याच दिवशी तुम्ही माझी तारीख घालवलीत. तेव्हा फार राग आला होता, तोही कबूल करते.

तंबाखू खाता का, असं डॉक्टरांनी विचारलं होतं आणि मी नाही म्हणाले होते. ते खोटं नव्हतं. आमच्याकडे तंबाखू गडी खातात, बाया मिशेरी, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, दातांना लावतात, आणि लावणं म्हणजे काही खाणं नव्हे. तुम्ही दंडाला पट्टा बांधलात, मूठ वळा म्हणालात, आणि वळायच्या आधी माझं पहिलं बोट उलटं करून पाहिलंत. नखाच्या कडेला काळं. काही बोलला नाहीत. सुई काढून कापूस दाबलात आणि जाऊबाईंना म्हणालात, "तुम्ही जरा बाहेर बसता का?" मला ते फार लागलं, चांगल्या अर्थानं. जाऊबाईंसमोर विचारलं असतंत तर मी नाहीच म्हणाले असते.

"दिवसातून किती वेळा?" तीनदा म्हणाले. तुम्ही नुसतं बघत राहिलात. मग पाचदा म्हणाले.

त्यानंतर तुम्ही जे समजावलंत ते मी जावेला, शेजारणीला, बचत गटातल्या बायांना इतक्यांदा सांगितलंय की आता पाठ झालंय. पोटातून काढलेल्या चरबीला स्वतःची रक्तवाहिनी राहिलेली नसते. गालात गेल्यावर पहिले एक-दोन दिवस ती आजूबाजूच्या पाझरावर जगते. तेवढ्यात कडेनं बारीक रक्तवाहिन्या आत शिरू लागल्या तर ती धरते. नाही शिरल्या तर मरते आणि शरीर तिला शोषून घेतं. म्हणूनच ती एका जागी गोळ्यानं भरत नाहीत. बोथट तोंडाच्या बारीक नळीनं थेंब-थेंब, वेगवेगळ्या थरांत सोडतात, म्हणजे प्रत्येक कणाला जिवंत शेजार मिळतो. मोठ्या गोळ्याची फक्त कड जगते, गाभा मरतो. मी म्हणाले, ताई, हे तर आमचं कलम झालं. डॉगरिज जातीच्या द्राक्षाच्या खुंटावर आपल्या वाणाची काडी बसवली की ती खुंटाचा रस ओढायला लागेपर्यंत जीव टांगणीला असतो. तुम्ही हसलात आणि म्हणालात, "मग खुंट कोरडा ठेवला तर काडी धरेल का? तुम्ही रोज पाच वेळा खुंट कोरडा करताय." निकोटीन हिरडीतूनही रक्तात जातं आणि बारीक रक्तवाहिन्या आवळून धरतं. मला डॉक्टरकीतलं काही कळत नसेल, कोरडा खुंट मात्र कळतो.

वर गोळ्यांचं निघालं. छाटणीनंतर कंबर धरते म्हणून मेडिकलमधून आणलेल्या वेदनेच्या गोळ्या मी पेढ्यासारख्या खात होते. त्यांनी प्लेटलेट सुस्त पडतात, आणि सुस्त प्लेटलेट गोळा करून गालात घालायच्या तरी कशाला, असं तुम्ही म्हणालात. प्लेटलेटचं आयुष्य सात ते दहा दिवसांचं. म्हणजे गोळ्या थांबवून तेवढे दिवस थांबलं की नव्या, धडधाकट मिळतात. ते सोपं होतं. मिशेरीला तेवढ्यानं भागणार नव्हतं. तुम्ही वर जाऊन डॉक्टरांशी बोललात आणि माझं ऑपरेशन दीड महिना पुढं गेलं.

आणि डबी मागितलीत. माझ्या कमरेची पितळी डबी. "ठेवते माझ्या ड्रॉवरमध्ये. गाल भरला की मागा."

दीड महिना कसा गेला ते बायाच जाणतील. मिशेरी नुसती दातांसाठी लावतात हा पुरुषांचा समज. एकदा सवय लागली की सकाळी ती लावल्याशिवाय पोट साफ होत नाही असं वाटतं. पहिला आठवडा डोकं ठणकत होतं, घरात सगळ्यांवर वसवस. सासूबाई म्हणायच्या, "मी ७० वर्षं लावतेय, माझं काय वाकडं झालं?" तुम्ही तीन वेळा फोन केलात. स्वतःच्या मोबाईलवरून, ड्यूटी संपल्यावर. कोमट पाणी प्या, हात वळवळला की भाजलेला ओवा चघळा, एवढंच सांगायचात. तिसऱ्या फोनच्या आदल्या दिवशी मी जाऊबाईंच्या डबीतून चिमूटभर लावली होती, तेही सांगून टाकलं. "बरं, आजपासून परत एक मोजा," म्हणालात. दुसरं कुणी असतं तर कीर्तन केलं असतं.

ऑपरेशनच्या दिवशी भूल जागेपुरतीच होती म्हणून थोडंफार कळत होतं. माझ्या रक्ताच्या नळ्या तुम्ही मुद्दाम दाखवायला आणल्यात. गुठळी होऊ नये म्हणून नळीत आधीच औषध असतं. मग मशीनवर एकदा हळू फिरवायचं, तांबडं खाली बसतं. वरचं पिवळं काढून पुन्हा जोरात फिरवायचं, आणि तळाशी प्लेटलेट दाटतात. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात, त्या अशा दाटवून दहा लाखांच्या आसपास न्यायच्या. चरबीचंही तसंच. मिनिटाला ३,००० फेऱ्यांनी तीन मिनिटं फिरवली की तेल वर, रक्त-पाणी खाली, आणि कामाची ती मधली. लोणी कढवताना तूप आणि बेरी वेगळी होते तसं वाटलं. चरबी १२ मिली गेली, सोबत पीआरपी. पीआरपी म्हणजे खत असं मी समजत होते. तुम्ही म्हणालात, ते नुसतं बोलावणं आहे. प्लेटलेट फुटून जे प्रोटीन सोडतात ते रक्तवाहिन्यांना इकडे या म्हणतात, आणि त्यातला बराचसा माल पहिल्या तासातच सुटून जातो.

पीआरपीनं खरंच फरक पडतो का, असं मी विचारल्यावर तुम्ही टाळलं नाहीत. काही अभ्यासांत जास्त चरबी टिकली, काहींत नाही, म्हणालात. मुलीनं नंतर वाचून काढलं. इटलीतल्या डॉक्टरांचे आकडे चांगले आहेत. पण नेदरलँडमधल्या डॉक्टरांनी २०१८ साली चेहऱ्यावरच्या कामाचा एक अभ्यास छापला. कुणाला पीआरपी दिलं आणि कुणाला नाही, हे पेशंटलाही माहीत नव्हतं आणि तपासणाऱ्यालाही. त्यात भराव जास्त टिकला नाही, फक्त सूज लवकर उतरून माणसं लवकर कामाला लागली. चरबी भरायचं काम मात्र जुनं. नॉयबर नावाच्या जर्मन सर्जननं १८९३ साली दंडातली चरबी डोळ्याजवळच्या व्रणात भरली होती, आणि लहान तुकडेच धरतात हे त्यानंही पाहिलं होतं. सव्वाशे वर्षांवर झाली आणि अजून किती टिकेल हे कुणी छातीठोक सांगत नाही, मग त्या पॅकेजवाल्याला कुठून कळलं होतं कोण जाणे.

घरी आल्यावर चुलत सासूबाई हळद उगाळून तयार. सांगलीची हळद, तिच्यापुढं मिरजेचे डॉक्टर कोण! लेप देऊन चोळायचं म्हणत होत्या. मी तुम्हाला फोन लावून स्पीकरवर टाकला. "आजी, नवं कलम हलवून बघता का कधी?" एवढ्यावर त्या गप्प बसल्या. महिनाभर उजव्या कुशीवर झोपले.

पहिल्या पंधरवड्यात गाल असा भरला की उजवाच खड्ड्यात गेल्यासारखा दिसत होता. मग उतरायला लागला. महिन्यानं मी रडत फोन केला, सगळं गेलं म्हणून. "ती सूज होती, चरबी नव्हे. तीन महिने आरसा कमी बघा," म्हणालात. तीन महिन्यांनी जे राहिलं ते आज नऊ महिन्यांनीही आहे. डॉक्टरांच्या अंदाजानं निम्म्याहून थोडं जास्त. आवळ्याच्या जागी आता बोर बसेल एवढा उतार आहे. हवं तर आणखी एकदा थोडं भरू, असं ते म्हणतात. मला नको. ती पोटाची चरबी आहे, वजन वाढलं तर गालही फुगेल असंही त्यांनी सांगितलंय, त्यामुळं दिवाळीला चकली मोजून खाल्ली.

हे पीआरपीनं झालं, डॉक्टरांच्या हातानं की मिशेरी सुटल्यानं? बागेत एकाच वर्षी खत, पाणी, औषध सगळं बदललं तर माल कशानं आला ते सांगता येत नाही. डॉक्टरांचे आभार मी मानले, पेढेही दिले. पण फॉर्मवर "तंबाखू नाही" असं लिहिलेलं असताना तुम्ही बोट उलटं करून पाहिलंत. तो पाहण्याचा पगार तुम्हाला कुणी देत नाही.

बेदाणा शेडवरून उतरलाय, यंदा रंग चांगला आहे. पुढच्या गुरुवारी पाच किलोचा बॉक्स घेऊन येते. नाही म्हणू नका, वॉचमनकडे ठेवून पळून जाईन. आणि ताई, डबी टाकली नसेल तर आतलं ओतून घासून ठेवा. माझ्या आईची आहे ती, झाकणाच्या आत तिचं नाव कोरलंय. वेलदोडे ठेवायला घेईन.

तुमची,
तासगावची डाव्या गालाची पेशंट