तवा पाठवतेय, बाकीचं घेऊ नको

आचरा,
9 जुलै

चि. मनू हिस आईचे अनेक आशीर्वाद.

फोन तू कापलास, म्हणून कागद घेतला. रागावलेली नाही. तव्याचं पार्सल बांधायचंच होतं, त्यात ही चिठ्ठीही घालते.

तू खरेदीच्या यादीचा फोटो पाठवलास, यातलं काय घेऊ म्हणून. यादी मी वाचणारच होते, पण त्याच फोटोत वरच्या कडेला लॅबचा मेसेज डोकावत होता, तो आधी वाचला. हिमोग्लोबिन 9.1. बाईमाणसाचं 12 तरी हवं. तू म्हणालीस, ऑफिसात सगळ्या मुलींचं असंच असतं. असेल. त्यांच्या आया त्यांचं बघतील. शालूचं काय झालं ते तुला ठाऊक आहे, ते उगाळत नाही. या पत्रात तब्येतीचा विषय काढायचा नाही असं ठरवून बसलेय, तेव्हा भांड्यांचंच लिहिते.

एअर फ्रायर, नॉनस्टिकचा पाच भांड्यांचा सेट, दोरी ओढायचा चॉपर, सँडविच मेकर, आणि अंडी उकडायचं यंत्र. अगो, अंडी उकडायला यंत्र! बाबा ते वाचून इतके हसले की चहा सांडला. एअर फ्रायर म्हणजे पंखा लावलेली छोटी भट्टीच. वाईट वस्तू नव्हे, चार माणसांच्या घरात चालेलही. तुझ्या त्या हातभर ओट्यावर तो ठेवलास तर कांदा कुठे चिरणार? मग म्हणशील जागाच नाही, नि रात्रीचं बाहेरून मागवशील. किंवा मागवणारही नाहीस, बिस्किटं खाऊन झोपशील. रात्री जेवतेस ना गो?

नॉनस्टिकचं सांगते. न्याहरी निवास सुरू केला तेव्हा पाहुण्यांच्या ऑम्लेटसाठी मी तसला पॅन आणला होता. मे महिन्याची गर्दी सरेपर्यंत मधोमध खरवडून पांढरा पडला. मुंबईचे एक पाहुणे होते, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे. ते इथेच ओट्यापाशी उभं राहून सांगत होते की रिकामा पॅन मोठ्या आचेवर राहिला आणि 260 अंशांच्या वर गेला, की तो लेप बिघडायला लागतो आणि त्याचा धूर चांगला नसतो. तू पॅन तापत ठेवून मोबाइल हातात घेणार, मला काय माहीत नाही? घ्यायचाच तर एक लहान घे, अंड्यापुरता. सेट नको.

तवा मी पाठवतेय. आजीचा धाकटा, बिडाचा. बूड सपाट आहे आणि फ्रिजवरचा लोहचुंबक लावून बघितला, घट्ट चिकटतो, म्हणजे तुझ्या इंडक्शनवर चालेल. एकदम मोठ्या आकड्यावर ठेवू नको, हळूहळू तापव. पाडू नको, बीड वाकत नाही, तडकतं. म्हणून जुन्या गोधडीत गुंडाळलाय, ती धुवून वापर. घावणे घालायच्या आधी नारळाची शेंडी तेलात बुडवून पुसून घ्यायचं, शेंडी नसेल तर अर्धा कांदा काट्याला टोचून. पीठ ताकासारखं पातळ. वाटीने कडेकडेने सोडत आत यायचं, जाळी पडली की झाकण. कडा आपोआप सुटली तरच उलथणं घाल, ओढाताण करू नको. तो तवा माझ्या लग्नाआधीपासून तयार झालेला आहे, पहिलाच घावणा सुटेल.

तू म्हणालीस ना, लोखंडात शिजवलं की रक्त वाढतं, मग गोळ्या कशाला? मी आपल्या डॉक्टरीणबाईंना विचारून आले. थोडं लोह उतरतं खरं, आंबट आणि पातळ पदार्थात जास्त उतरतं. पण तेवढ्यावर 9 चे 12 होत नाहीत, गोळ्या घ्यायच्याच. शिवाय या तव्यात आंबट शिजवलंस तर वर्षानुवर्षं मुरलेलं तेल निघून जाईल, म्हणजे तवाही गेला. गोळी चहाबरोबर घेऊ नको, मध्ये तासभर जाऊ दे. लिंबूपाण्याबरोबर घेतलीस तर उत्तम.

बघ, तब्येतीवर आलेच. राहू दे.

मिक्सर मात्र चांगला घे, तिथे पैसे वाचवू नकोस. लहान भांडं हवंच, एकटीपुरतं वाटप मोठ्या भांड्यात नुसतं भिंतींना चिकटतं. पाटा मागू नको, तो कोण उचलणार? तौक्ते वादळ आठवतं? 2021 चा मे महिना, दारातले दोन माड आडवे, दिवसच्या दिवस लाईट नाही, फ्रिजमधली सुरमई नासायला आलेली आणि तुझ्या पहिल्या पगारातून घेतलेला मिक्सर टेबलावर फडका पांघरून बसलेला. आजीने न्हाणीमागचा पाटा धुवायला लावला. म्हणाली, "मिक्सराक लाईट लागता, पाट्याक हात लागतत." तू घरून काम करणारी, त्या दिवसांत नेटही नाही, म्हणून बसलीस वाटायला. खोबरं, धणे, मिरच्या, हळद. तिरफळंसुद्धा पाट्यावर घ्यायला निघालीस, आजी ओरडली, ती नुसती ठेचून शेवटी घालायची. रात्रभर हाताची आग आग झाली आणि मी तांदळाच्या पिठात हात बुडवायला सांगितले तर तू हसत होतीस. त्या सारात भात कालवून तीनदा घेतलास. तेव्हा कशी जेवायचीस!

खोबरं खवायला खवणी लागेलच. बेंगळुरूची माणसंही नारळ खाणारीच, केआर मार्केटकडे भांड्यांच्या दुकानांत विचार, मिळेल. टाचेखाली पाट दाबून बस, करवंटी फिरवत राहा आणि तपकिरी दिसायला लागलं की थांब, नाहीतर सोलकढीचा रंग जातो. पाकिटातल्या सुक्या किसाची कढी करून मला फोटो पाठवू नको.

कुकर तीन लिटरचा बास. आयएसआय मार्क बघून, इंडक्शनचा बूड असलेला. डाळ शिजवताना अर्ध्याच्या वर भरू नको, फेस वर येऊन शिट्टीचं भोक बुजतं. एक रबरी रिंग जास्तीची घेऊन ठेव. खाली डाळ, वर डब्यात भात, एकाच वेळी दोन्ही. तुला हवा होता तो पितळी टोप पाठवत नाही. तुझ्या शेगडीवर तो तापणारच नाही, आणि कल्हई गेली की कोकम घातलेलं त्यात ठेवायची सोय नाही. तो तुझाच आहे, इथे राहील. स्टीलचा एक टोप झाकणासकट, एक पळी, एक सुरी. झालं. बाकी पैसे ठेव. माईआत्याला मी सांगत असते, आमची मनू स्वतःचं भाडं भरते, बापाकडे हात पसरत नाही. तुझ्यासमोर बोलत नाही, एवढंच.

लेक्चर झालं, माफ कर. तू सत्तावीस वर्षांची, तुला टोप कुठला घ्यायचा ते मी सांगावं का? पण संध्याकाळी सातला इथे पाऊस धरतो, पावसाळ्यातल्या मासेमारीबंदीमुळे बोटी किनाऱ्याला, पाहुणे नाहीत, काम नाही, आणि डोक्यात एकच. नऊ वाजता तू लॅपटॉपसमोर काय खात असशील?

म्हणून पार्सलात कुळथाचं पीठ घातलंय. उशिरा आलीस तरी होतं. टोपात तेल, चार लसणी ठेचून, हिरवी मिरची. वाडगाभर थंड पाण्यात तीन चमचे पीठ आधी नीट कालवायचं, गुठळी राहता कामा नये, मग टोपात ओतून ढवळत राहायचं. दोन आमसुलं, मीठ. दहा मिनिटांत पिठी. सकाळचा भात असला की जेवण झालं. सुका जवळाही दिलाय, पण तुझ्या खोलीतल्या मुलीला वास चालतो का ते आधी विचार.

पार्सल सावंतवाडीहून गाडीवर घालतील, उतरवून घ्यायची वेळ बाबा कळवतील. ऑफिसमधून सुटायला उशीर होणार असेल तर आधी सांग.

तुझी,
आई

ता. क. तव्याला त्या मुलीला साबण लावू देऊ नको. लावलाच तर भांडू नको, पुसून तापव आणि तेलाचा हात फिरव. आणि भाताचा कुकर रोज लावलास की मला एक मिस्ड कॉल दे, बोलायला नको.