कोळशी पानाच्या वर दिसते, कीड खाली असते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या कृषी पानावर संत्र्याच्या कोळशीला, म्हणजे पानं-फळं काळी पडण्याला, 'बुरशीजन्य रोग' म्हटलंय आणि उपाय म्हणून नुसत्या बुरशीनाशकाची मात्रा दिलीय. वाचून जीव कळवळला. हीच चूक मी पदरचे पैसे घालून केली आहे.

2016 च्या मृग बहारात (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्यात) आमची 280 झाडं काजळी फासल्यासारखी झाली. कृषी सेवा केंद्रात पान नेलं. दुकानदारानं वरची काळी बाजू पाहिली आणि बुरशीनाशक काढून दिलं. तीन फवारण्या झाल्या, नवती, म्हणजे नवी पालवी, पुन्हा काळी. व्यापाऱ्यानं काळी फळं बाजूला काढली ती काढलीच. मग शेजारगावच्या एका जुन्या बागायतदारकाकांनी पान उलटं करून भिंग माझ्या हातात दिलं. खाली चकलीच्या वेढ्यासारखी मांडलेली पिवळसर अंडी, बाजूला पानाला घट्ट चिकटलेले काळे, काटेरी ठिपके. काळ्या माशीची पिल्लं! ती रस शोषतात, चिकट गोड पाणी सोडतात, ते खालच्या पानांवर ठिबकतं आणि त्यावर बुरशी वाढते. माशी राहिली की कोळशी पुन्हा येणारच.

म्हणून माशीवरच्या कीटकनाशकाचा फवारा पानाच्या खालून बसला पाहिजे, आणि तोही निम्मी अंडी उबल्यावर. दुसरा पंधरा दिवसांनी. दाट बागेत पाणसोट, म्हणजे फळ न देता सरळ वाढणारे फुटवे, काढावेत, नत्र आणि पाणी बेतानं द्यावं. यातलं एक अक्षरही लेखात नाही.

त्यात 'सिट्रस सायला' (संत्र्यावरची दुसरी रस शोषणारी कीड) म्हणून छापलेला फोटो पिठ्या ढेकणाचा आहे! सायला तपकिरी, बारीक. मागची बाजू वर उचलून बसतो. त्याची पिल्लं कोवळ्या शेंड्यावर पांढरे मेणचट धागे सोडतात. हाच सायला ग्रीनिंग हा रोग पसरवतो आणि ग्रीनिंग झालेलं झाड कोणत्याच औषधानं बरं होत नाही. चुकीच्या फोटोवरून माणूस बागेत काय ओळखणार? सायला कढीपत्त्यावरही वाढतो. आमच्या विहिरीजवळच्या कढीपत्त्याचे शेंडे मी दर नवतीला तपासतो.

आपलं पान गावात पारावर वाचलं जातं, कात्रण खिशात घालून लोक दुकानात जातात. तेव्हा दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, खऱ्या फोटोसह आणि आंबिया बहाराची (हिवाळ्याच्या शेवटच्या फुलोऱ्याची) नवती फुटायच्या आत छापावी, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक संत्रा बागायतदार,
ता. वरुड, जि. अमरावती