‘विद्यार्थी लिहीत बसले होते’: शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई ४०० ०३२

विषय: नववीच्या लेखनाच्या तासाबद्दल मला मिळालेली नोटीस

महोदय,

सविनय नमस्कार.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी जून २००५ पासून मराठी शिकवते. दिवाळीच्या सुट्टीआधी आमच्या शाळेची तपासणी झाली. वरून आलेले अधिकारी तिसऱ्या तासाला माझ्या नववी ब मध्ये आले, दहा मिनिटं थांबले आणि शेरेबुकात लिहून गेले: ‘वर्गात अध्यापन चालू नव्हते. विद्यार्थी लिहीत बसले होते. वह्या अपूर्ण.’ दोन दिवसांनी नोटीस आली, तीन दिवसांत खुलासा द्या म्हणून. मुख्याध्यापक म्हणाले, मॅडम, दिलगिरीची एक ओळ लिहून द्या, विषय मिटेल. मी दिलगिरी लिहिली नाही. चार पानी खुलासा दिला. त्याला आजपर्यंत उत्तर नाही. म्हणून आता आपल्याला लिहिते आहे आणि उघड लिहिते आहे. बंद पाकिटातून पाठवलेल्या पत्रांचं काय होतं हे वीस वर्षांत पुरेसं पाहिलं.

त्या तासाला काय चाललं होतं ते आधी सांगते. उपयोजित लेखनातली बातमी. मागच्या बाकावरच्या एका मुलाने पहिल्या दिवशी लिहिलं होतं, ‘आमच्या वस्तीवर बोअर घेतला. पाणी लागले. सर्वांना आनंद झाला.’ तीन वाक्यं, खाली रेघ, काम संपलं. मी लाल पेनाने ‘छान’ लिहून सही केली असती तर तो तिथेच थांबला असता आणि त्याची वही ‘पूर्ण’ ठरली असती. मी ती शेजारच्या मुलीला वाचायला दिली. तिला सांगितलं, जे कळलं नाही ते विचार. तिने विचारलं, किती फुटांवर लागलं? पैसे कुणी घातले? आनंद झाला म्हणजे कुणी काय केलं? पोरगा डोकं खाजवत बसला. दुसऱ्या मसुद्यात बोअरची गाडी रात्री दोन वाजता आली होती, चारशे फुटांपर्यंत नुसता फुफाटा उडत होता, आणि त्याची आजी नाकाला पदर लावून पहाटेपर्यंत उभी होती. आठवीत माझ्याकडे आला तेव्हा हा मुलगा दोन ओळींच्या पुढे जात नव्हता.

तपासणीच्या दिवशी तो तिसरा मसुदा लिहीत होता. साहेबांनी नेमकं त्यालाच उभं केलं आणि जिल्ह्याच्या पालकमंत्र्यांचं नाव विचारलं. त्याला आलं नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “मॅडम, तुम्ही शिकवत का नाही?” मी म्हटलं, “सर, मुलं लिहिताहेत.” “ते दिसतंय मला,” ते म्हणाले. सगळ्या वर्गासमोर. ते गेल्यावर एका मुलीने हळूच विचारलं, “मॅडम, आता लिहायचं का बंद करायचं?” या प्रश्नाने मला जेवढं लागलं तेवढं नोटिशीनेही लागलं नाही.

ती शांतता आपोआप आलेली नव्हती. जूनमध्ये या मुलांना पाच मिनिटं एका जागी टेकता येत नव्हतं. दोन ओळी झाल्या की पेन मागायचा, पाणी प्यायला जायचं, ‘किती ओळी लिहायच्या?’ म्हणून विचारायचं. मी काम लहान केलं. निबंध नाही, एक परिच्छेद. फळ्यावर एकाच प्रश्नाची दोन उत्तरं लिहायची, नावं न सांगता, आणि सरस कोणतं, का, हे मुलांनी ठरवायचं. ती कारणं त्यांच्याच शब्दांत फळ्याच्या कडेला राहू द्यायची. मग कच्ची वही उघडायची आणि कुणी कुणाशी बोलायचं नाही. पाच मिनिटांपासून सुरुवात केली, दर आठवड्याला एक-दोन मिनिटं वाढवत गेले. ऑगस्ट संपता संपता वीस मिनिटं झाली. त्या वीस मिनिटांत मी खुर्चीवर बसत नाही. बाकांमधून फिरते, एका तासाला सहा-सात मुलांजवळ वाकून प्रत्येकाला एकच गोष्ट सांगते: हे वाक्य तोड, इथे नाव घाल, हे तुझं आहे का पाठ केलेलं? माझं अध्यापन ते हेच. घसा खरवडून धडा वाचून दाखवणं मला यापेक्षा कितीतरी सोपं जातं.

आणि ‘वह्या अपूर्ण’ म्हणजे काय? साहेबांना पक्की वही हवी होती. धडा, प्रश्न, उत्तर, तारीख, सही. फळ्यावरून उतरवून घेतलं की ती महिन्याभरात भरते, त्यासाठी मुलाने डोकं वापरायची गरज नसते. मी कच्च्या वह्या पुढे केल्या. त्यांत काटाकाटी होती, बाण होते, समासात शेजाऱ्याने विचारलेले प्रश्न होते. त्यांनी त्या बाजूला सारल्या. कृतिपत्रिकेत ‘स्वमत’ नावाचा प्रश्न असतो, महोदय. मुलाने स्वतःचं मत लिहायचं. जूनमध्ये माझ्या वर्गातल्या ४१ वह्यांत एकच स्वमत होतं, एकाच गाईडातून उतरवलेलं, त्यातल्या छपाईच्या चुकीसकट. त्या ४१ वह्या पूर्ण होत्या. त्यांच्यावर कुणी शेरा मारला नसता.

आता थोडा हिशेब. माझ्याकडे चार तुकड्या आहेत, २३१ मुलं. प्रत्येकाचा आठवड्यातून एक परिच्छेद नीट वाचून खाली एक कामाचं वाक्य लिहायला चार मिनिटं लागतात. म्हणजे ९२४ मिनिटं, पंधरा तासांच्या वर. आठवड्याला ३२ तासिका मी उभी असते, वर बदली तास, कारण आमच्याकडे गणिताची आणि इंग्रजीची जागा रिकामी आहे. हे पंधरा तास मी आणायचे कुठून? शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकाचे आठवड्याचे ४५ तास धरले आहेत आणि त्यात तयारीचा वेळ धरला आहे. पण तो कायदा आठवीपर्यंतचा. नववीत गेल्यावर मुलाला तयारी करून आलेला शिक्षक लागत नाही का? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लिहिलंय की प्रत्येक शाळेत एका शिक्षकामागे तीसच्या आत मुलं असतील, आणि वंचित मुलं जास्त असतील तिथे पंचवीसच्या आत. माझ्या नववी ब च्या पटावर ६२ आहेत. त्यांतली निम्मी ऊसतोड्यांची. आणखी किती वंचित असावं लागतं?

बरं, हातात आहे तो तास तरी सलग मिळावा. सप्टेंबरात एक आठवडा मी डायरीत खुणा केल्या. माझ्या चालू तासांत २७ वेळा दार वाजलं किंवा फोन वाजला. सूचनेची वही घेऊन शिपाई. शिष्यवृत्तीची यादी. ‘अपार’ आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक, राहिलेल्यांची नावं. युडायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, कुणाचं आडनाव आधारशी जुळत नाही. व्हॉट्सॲप गटावर ‘अतितातडीचे’ म्हणून लिंक, दुपारी बाराच्या आत भरा. उपक्रमाचे फोटो पाठवा, पाच फोटो, बॅनरसकट. मूल एकदा विचारात शिरलं की त्याला तिथून उठवायला एक हाक पुरते, परत शिरायला उरलेला तास जातो. हे ज्याने वर्ग घेतलाय त्याला माहीत आहे, आणि हे कार्यालयांतून लिंक पाठवणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी कधीकाळी वर्ग घेतलेले आहेत. याचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

आपल्याच विभागाने ऑगस्ट २०२४ मध्ये शिक्षकांच्या कामांची शैक्षणिक आणि अशैक्षणिक अशी वर्गवारी करणारा शासन निर्णय काढला. मी त्याची प्रत काढून शिक्षक खोलीत चिकटवली होती. खरंच आनंद झाला होता. राष्ट्रीय धोरणातही म्हटलंय की अध्यापनाशी थेट संबंध नसलेल्या कामांत शिक्षकांना गुंतवणार नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती आणि निवडणुका यांना मुभा दिली आहे, ती मी नाकारत नाही. जनगणनेला बोलावलं तर जाईन, उन्हातान्हात दारोदार फिरेन, याआधीही फिरले आहे. माझं भांडण त्या कामांशी आहे जी कुठल्याच कलमात नाहीत आणि तरी रोज येतात. तो कागद अजून शिक्षक खोलीच्या भिंतीवर आहे. त्याखालीच बसून आम्ही लिंक भरतो.

आणि ती कोरी पानं! २०२३-२४ पासून दुसरी ते आठवीच्या पुस्तकांत मुलांनी नोंदी कराव्यात म्हणून वहीची पानं शिवली, पुस्तकाचे चार भाग केले, आणि जानेवारी २०२५ मध्ये ते सगळं बंद केलं. मुलाला लिहायला जागा द्यावी ही कल्पना वाईट नव्हती. पण त्या पानावर लिहायला वेळ कोण देणार होतं? लिहिलेलं वाचायला माणूस कुठे होता? माझ्या आठवीच्या मुलांनी त्या पानांवर फळ्यावरचे शब्दार्थ उतरवून घेतले. कागद, शाई, ट्रकभाडं, सगळ्यांवर खर्च झाला. एका वर्गात मुलं कमी करण्यावर झाला नाही.

माझ्याबद्दल लिहायचं नव्हतं, पण आता राहवत नाही. मी रुजू झाले तेव्हा आमची शाळा ‘कायम विनाअनुदानित’ होती, म्हणजे सरकारी अनुदान कधीच न मिळणारी. २००९ मध्ये ‘कायम’ हा शब्द निघाला, आम्ही पेढे वाटले. वीस टक्के अनुदानाचा निर्णय व्हायला २०१६ उजाडलं. अकरा वर्षं मी बिनपगारी शिकवलं, महोदय. रात्री साड्यांना फॉल-पिको करायचे, त्याच मशीनच्या टेबलावर वह्या तपासायचे. नवऱ्याच्या दुकानावर घर चाललं म्हणून टिकले. माझ्याबरोबर लागलेले एक सर भाजीची गाडी लावायचे. १ नोव्हेंबर २००५ च्या आधी रुजू होऊनही, शाळा तेव्हा पूर्ण अनुदानावर नव्हती म्हणून, जुनी पेन्शन मला नाही. मोर्चांना गेले, आझाद मैदानावर पावसात बसले, परत आले आणि दुसऱ्या दिवशी पहिला तास घेतला. त्या अकरा वर्षांत एकही अधिकारी मला विचारायला आला नाही की बाई, तुम्ही शिकवत का नाही. तेव्हा मी फुकट शिकवत होते, ते चालत होतं.

आमच्याकडे नवा आलेला विज्ञानाचा मुलगा शिक्षणसेवक आहे. एमएस्सी, बीएड. तीन वर्षं महिना १८,००० मानधन. वर्गात प्रयोग करून घ्यावा तर साहित्य स्वतःच्या खिशातून आणतो. संध्याकाळी शिकवणीला जातो, कारण खोलीभाडं आणि गावाकडे पाठवायचे पैसे त्यातूनच निघतात. ज्यांच्या आईवडिलांकडे फी आहे ती मुलं त्याच शिकवणीत दहा-दहाच्या बॅचमध्ये बसतात. तिथे त्यांचं लिहिलेलं कुणीतरी वाचतं. माझ्या ऊसतोड्याच्या पोराचं लिहिलेलं वाचणारी मी एकटी आहे, आणि मला नोटीस मिळाली.

कोठारी आयोगाने १९६६ मध्ये सांगितलं होतं, राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च करा. २०२० च्या धोरणाने चोपन्न वर्षांनी तोच सहाचा आकडा पुन्हा लिहिला. मधल्या काळात किती सरकारं आली, किती मंत्री बदलले, त्यांत सगळ्या पक्षांचे होते, म्हणून मी एकट्या आपल्याला दोष देत नाही. पण हे मला कळलंच पाहिजे की राज्य चालवणाऱ्यांना आमच्या मुलांनी विचार करायला हवा आहे की नाही. हवा असेल तर त्याला वेळ लागतो आणि माणसं लागतात. फोटोंनी आणि रंगवलेल्या भिंतींनी ते होत नाही. तपासणीला येणाऱ्या माणसाच्या हातातल्या तक्त्यात भिंतीवरच्या म्हणींना रकाना आहे, स्वच्छतागृहाला आहे, वह्यांच्या सह्यांना आहे. मूल स्वतःचं काही लिहितंय का, याला रकाना नाही. त्या साहेबांनी बहुधा रकाने भरले. माझा राग त्यांच्यापेक्षा तो तक्ता बनवणाऱ्यांवर जास्त आहे.

माझं मागणं मोठं नाही. शेरेबुकातला तो शेरा चुकीचा होता असं त्याच पानावर लिहून मिळावं. तपासणीला येणाऱ्याने वर्गात पूर्ण तास बसावं आणि निदान पाच मुलांच्या कच्च्या वह्या वाचाव्यात. रोज पहिल्या चार तासांत शाळेला कुठलीही लिंक, कुठलाही तातडीचा निरोप येऊ नये. आणि आमच्या रिकाम्या दोन जागा भराव्यात, म्हणजे माझे बदली तास सुटतील आणि वह्या वाचायला मिळतील. यातल्या पहिल्या तीन गोष्टींना एक रुपयाही लागत नाही.

सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा नववी ब च्या २३ जागा रिकाम्या होत्या. टोळ्या कारखान्यांवर गेल्या. बोअरची बातमी लिहिणारा मुलगाही आईवडिलांबरोबर गेलाय, तो आता मार्च-एप्रिलपर्यंत येणार नाही. जाताना कच्ची वही माझ्याकडे देऊन गेला, मॅडम, उसात भिजंल म्हणाला. तिसरा मसुदा साहेबांनी त्याला उभं केलं तिथेच तुटलाय. ‘पाणी लागलं तेव्हा माझी आजी’ इथपर्यंत.

आपली,
एक माध्यमिक शिक्षिका