बिलात नवा पत्रा, बुडाला ठिगळ

बामणोली, ता. जावळी, जि. सातारा
दि. १६ मे २०२४

प्रति,
मा. व्यवस्थापक,
बोट दुरुस्ती विभाग

विषय : लोखंडी मोटरबोटीच्या तळाचे पत्रे न बदलताच बदलल्याचे बिल लावल्याबाबत.

महोदय,

दाभोळच्या खाडीत पडून असलेली जुनी लोखंडी मोटरबोट मी गेल्या वर्षी विकत घेतली आणि कोयनेच्या शिवसागर जलाशयात चालवण्याजोगी करून देण्याचे काम आपल्या कंपनीला दिले. फायबरची बोट घे, असे मला अनेकांनी सांगितले होते. पण उन्हाळ्यात पाणी उतरले की इथे बुडालेल्या झाडांची खोडे आणि खडक वर येतात. त्यावर घासले तर लोखंडी बुडाला पोचा पडतो, भोक पडत नाही. एवढ्यासाठीच हा खटाटोप केला.

दि. ११ ऑगस्ट २०२३ च्या कामाच्या आदेशात स्पष्ट लिहिले आहे : तळाचे गंजलेले पत्रे कापून काढायचे, त्या जागी ५ मिमीचे नवे पत्रे कडेला कड भिडवून वेल्ड करायचे, मग सँडब्लास्टिंग (वाळूच्या माऱ्याने गंज काढणे) आणि इपॉक्सी रंग. खाली आपल्या प्रतिनिधीची सही आहे. नोव्हेंबरात आपण ६,४०,००० रुपयांचे बिल दिले, त्यातले २,१०,००० केवळ पत्रे बदलण्याचे. मी पूर्ण रक्कम भरली, बोट ट्रेलरवर चढवली, कुंभार्ली घाटातून आणि पुढे कासच्या वळणांवरून इथवर आणली.

बोट पाण्यात सोडली त्याच दिवशी पाण्याची रेघ जुन्या खुणेच्या बोटभर वर आलेली दिसली. आपल्या फोरमनला फोन केला तर म्हणाले, नवा रंग जड असतो. रंगाने बोट बोटभर बुडते हे मी तरी पहिल्यांदाच ऐकले. आता हिशेब लागतो. आपल्या बिलात ६ चौरस मीटर पत्रा आहे. एक चौरस मीटर, एक मिमी जाडीचे लोखंड ७.८५ किलो भरते. म्हणजे ५ मिमीचे ६ चौरस मीटर सुमारे २३५ किलो झाले. जुना पत्रा काढून नवा बसवला असता तर वजनात एवढी भर पडायचे कारणच नव्हते. आपण काढले काहीच नाही, वरून चढवले.

या महिन्यात पाणी ओसरल्यावर बोट काठावर ओढून घेतली आणि बूड नीट पाहता आले. रंगाला जागोजागी फोड आले आहेत. एक फोड चाकूच्या टोकाने फोडला तर आतून काळे पाणी ओघळले आणि खाली गंजाची काळी साय निघाली. सँडब्लास्टिंग करून स्वच्छ केलेल्या लोखंडावर पहिल्याच मोसमात ही अवस्था होत नाही. मग हातोडी घेऊन तळ ठोकत गेलो. धड पत्रा खणकन वाजतो. आपण ‘बदललेल्या’ भागात सगळीकडे बद्द आवाज येतो, कारण मागे पोकळी आहे. एका कडेचे वेल्डिंग ग्राइंडरने घासले तेव्हा दोन पत्रे एकावर एक स्पष्ट दिसले. त्याचे फोटो सोबत आहेत.

याहून मोठा पुरावा बोटीच्या आत आहे. आधीच्या मालकाने तळात ओतलेले सिमेंट जसेच्या तसे आहे, डिझेलच्या जुन्या वासासकट. खालचा पत्रा कापला असता तर त्यावरचे सिमेंट आधी फोडावे लागले असते. आपण त्यावर राखाडी रंग मारून मोकळे झालात.

आपण दिलेल्या जाडीच्या दाखल्यात सगळीकडे ५ मिमी लिहिले आहे, ते खोटे आहे असे मी म्हणत नाही. जाडी मोजणाऱ्या अल्ट्रासॉनिक यंत्राचा ध्वनी पहिल्या पत्र्याच्या मागच्या पोकळीवरून परत फिरतो, म्हणून ठिगळावर यंत्र ठेवले की फक्त ठिगळाची जाडी येते. ठिगळाच्या कडेला लागून जुन्या पत्र्यावर मी मोजून घेतले तेव्हा २.८ मिमी आले. मूळ जाडीच्या चौथ्या हिश्शाहून जास्त झीज झाली की पत्रा बदलतात, हे मी आपल्याला सांगावे असे नाही. दोन पत्र्यांच्या मध्ये अडकलेला ओलावा कधी सुकत नाही, गंज फुगतो आणि वेल्ड उचकटायला लागतो. असले ठिगळ वेळ मारून नेण्यापुरते असते. या बोटीत वासोट्याला जाणारे पर्यटक बसतात.

आणखी एक बाब. आपण तळाला जस्ताचे अ‍ॅनोड, म्हणजे लोखंडाऐवजी स्वतः झिजणारे ठोकळे, लावलेत. खाऱ्या पाण्यात जस्त झिजते आणि लोखंड वाचते. गोड्या पाण्यात त्याच्यावर पांढरा थर धरतो आणि ते काम करायचे थांबते. तिथे मॅग्नेशियम लागते. बोट कोयनेत चालणार हे आदेशाच्या पहिल्याच ओळीत आहे. आपले जस्त आजही जवळपास नवे आहे, फक्त पांढरे पडले आहे.

इंजिनाच्या कामाबद्दल तक्रार नाही. पंख्याचा शाफ्ट बुडातून बाहेर पडतो तिथल्या ग्लँडमधून बोट चालू असताना थेंब थेंब यायला हवे तेवढेच पाणी येते, ते बरोबर आहे.

माझी मागणी अशी की पावसाळ्याआधी आपण स्वखर्चाने बोट उचलून न्यावी, ठिगळे आणि त्यामागचे जुने पत्रे दोन्ही कापून आदेशाप्रमाणे काम करावे, आतले सिमेंट काढावे, तळाचा रंग नव्याने करावा आणि मॅग्नेशियमचे अ‍ॅनोड लावावेत. हे जमत नसेल तर पत्र्यांचे २,१०,००० रुपये, तळाच्या रंगाची रक्कम आणि वाहतूक खर्च परत करावा. पाऊस सुरू झाला की धरण भरू लागेल आणि आज काठावर असलेली बोट जागच्या जागी तरंगू लागेल. म्हणून ३१ मे पर्यंत लेखी उत्तर हवे. फोनवरचे आश्वासन मी उत्तर धरणार नाही.

बिलाच्या तळाशी ‘वाद फक्त मुंबईच्या न्यायालयात’ असे छापले आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार मी जिथे राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात मला तक्रार करता येते. बोट व्यवसायाची आहे, हा मुद्दाही पुढे करू नये. ती मी स्वतः चालवतो आणि माझे घर त्यावरच चालते, अशा खरेदीला कायद्याने ग्राहकातच धरले आहे.

काम कराल तेव्हा पत्रे माझ्यासमोर कापावेत आणि कापलेले तुकडे भंगारात न टाकता माझ्या ताब्यात द्यावेत.

आपला,
बोटमालक

सोबत : कामाचा आदेश, बिल व पावती, जाडीचा आपला दाखला, नव्या मोजणीचा तक्ता, फोटो.